घडीचा जुना कॅमेरा आणि खानदेशचं ऊन

दिवाळीची साफसफाई आटोपली की दरवर्षी माझ्या दारात दोन-तीन तरी कॅमेरे येतात. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, आजोबांच्या कोटाखाली, नाहीतर जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यात सापडलेले. तपकिरी चामडी पाकीट, आत बोटभर जाडीची काळी डबी. बटण दाबलं की पुढचं दार उघडतं, लेन्स बाहेर येते आणि तिच्यामागे काळा भाता ताणला जातो. मागच्या वर्षी पारोळ्याकडचे एक जिभाऊ नातवाला घेऊन आले, टेबलावर अशीच डबी ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, मना बापना शे. चालस का हाऊ?"

बहुतेक चालतात. काही थोड्या कष्टानं चालते होतात. पण त्यातून काय मिळतं आणि त्यासाठी काय सोसावं लागतं हे आधी कळलेलं बरं, कारण १२० चा रोल आता स्वस्त राहिलेला नाही आणि त्यात फोटो निघतात ८ किंवा १२. पुण्या-मुंबईकडच्या माहितीत आपलं ४५ अंशांचं ऊन, बोअरचं जड पाणी आणि मे महिन्यातली धूळ नसते. ती धरूनच इथे लिहितोय.

## मोह कशाचा

१२० चा रोल कोडॅकनं १९०१ साली बाजारात आणला आणि तो आजही बनतो. म्हणूनच सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा कॅमेरा आजही रोल भरून वापरता येतो. या रोलवर कॅमेऱ्याच्या घडणीप्रमाणे ६ बाय ९ सेंटिमीटरचे ८, ६ बाय ६ चे १२ किंवा ६ बाय साडेचारचे १६ फोटो येतात. नेहमीच्या ३५ मिमी रोलवरची चौकट २४ बाय ३६ मिमी असते. ६ बाय ६ ची निगेटिव्ह तिच्या साडेतीन पटींहून मोठी भरते आणि ६ बाय ९ ची पाचपटीहून. साधी तीन भिंगांची लेन्ससुद्धा एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर भरपूर बारकावा देते, कारण कागदावर फोटो तेवढा ताणावा लागत नाही.

आणि हे सगळं कोटाच्या खिशात मावतं. लग्नातल्या फोटोग्राफरच्या गळ्यात लोंबणारा दोन डोळ्यांचा याशिका आठवतो ना? निगेटिव्ह तेवढीच, पण तो खिशात जात नाही. माझा नेटार (झाइस आयकॉनचा घडीचा कॅमेरा) घडी करून मी मोटारसायकलवर तोरणमाळच्या घाटात नेलाय, शिवारात नेलाय, बसच्या गर्दीत नेलाय.

घरच्या अल्बममध्ये पांढऱ्या काठाचे, तळहाताहून लहान फोटो असतील तर नीट बघा. त्यातले कितीतरी अशाच कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले असतात. ६ बाय ९ ची निगेटिव्ह असेल तर हे घरी करता येतं. एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करायचं यंत्र, लागत नाही. लाल बल्ब, काचेचा तुकडा, फोटोचा कागद आणि तीन ताटल्या पुरतात.

## आणि सोसावं लागतं ते

फोकस बरोबर आहे की नाही हे बहुतेक घडीच्या कॅमेऱ्यांत दिसत नाही. खिडकीतून फक्त चौकट दिसते. अंतर डोळ्यानं मोजून लेन्सवर लावायचं. लाइट मीटर नाही. बऱ्याच मॉडेलांत रोल पुढे सरकवणं आणि शटर यांचा एकमेकांशी संबंध नसतो, त्यामुळे रोल फिरवायला विसरलात तर एकावर एक दोन फोटो. अगदी जवळचे फोटो घेता येत नाहीत. फार जुन्या लेन्सना कोटिंग नसतं, समोरून ऊन आलं की सगळं चित्र पांढुरकं पडतं. आणि हा घडीचा सांगाडा आहे. दार, पट्ट्या, लेन्सचा पाया यात कुठेही ढिलेपणा आला की निगेटिव्हची एक बाजू धूसर होते.

भरभर फोटो काढायची सवय असेल, घरातल्या पळणाऱ्या लहान पोरांचे फोटो हवे असतील, तर हा कॅमेरा घेऊ नका. हे मी समोर बसून मागणाऱ्यालाही सांगतो.

## सर्वांत आधी: उघडू नका

माळ्यावर सापडलेला कॅमेरा हातात आला की लोक आधी मागचं झाकण उघडतात. थांबा. मागे एक छोटी लाल खिडकी असते. तिच्यावर सरकतं झाकण असेल तर सावलीत ते बाजूला करा. आत आकडा किंवा कागद दिसला तर कॅमेऱ्यात रोल आहे. मग फिरकी अगदी हळू शेवटपर्यंत फिरवा, कागद संपून हलकी होईपर्यंत, आणि अंधाऱ्या खोलीतच रोल काढा. त्यावर कुणाचे चेहरे आहेत कोण जाणे. जिभाऊंच्या कॅमेऱ्यात लाल खिडकीमागे ६ चा आकडा होता.

## रोल कोणता लागतो ते ओळखा

आतल्या रिकाम्या स्पूलवर (ज्यावर फिल्म गुंडाळतात त्या रिळावर) किंवा झाकणाच्या आत १२० लिहिलेलं असेल, किंवा जुन्या जर्मन कॅमेऱ्यात बी २, तर निश्चिंत राहा. ६२० लिहिलं असेल तर जरा अडचण आहे. फिल्म तीच, पण कोडॅकनं १९३० च्या दशकात आणलेली ही स्पूल बारीक असते आणि तो रोल १९९५ मध्ये बंद झाला. १२० चा रोल अंधारात ६२० च्या स्पूलवर गुंडाळून वापरता येतो, पण त्यासाठी तशा दोन रिकाम्या स्पूल लागतात. घरातलाच कॅमेरा असेल तर ही मेहनत घ्या. विकत घेत असाल तर पहिला कॅमेरा १२० चाच घ्या.

घरात आग्फा क्लिक थ्री सापडला तर तोही १२० च्याच रोलवर चालतो. पण तो घडीचा नाही, साध्या भिंगाची डबी आहे. उन्हातल्या फोटोंना छान.

## भाता तपासा

लोहाराचा भाता, पेटीचा भाता आणि हा भाता, तिन्ही घड्यांचेच. पेटीच्या भात्याला भोक पडलं तर सूर दमतो. इथे भोक पडलं तर उजेड आत शिरतो आणि फोटोवर पांढरा डाग उमटतो.

माझा पहिला ६ बाय ९ चा कॅमेरा मी ऑनलाइन घेतला होता. विकणाऱ्यानं भाता 'उत्तम' लिहिला होता आणि मी न तपासता तो सारंगखेड्याच्या यात्रेला नेला. दत्तजयंतीला तापीकाठी घोडे बघायला कुठून कुठून माणसं येतात, बाजार असा की नजर ठरत नाही. दोन रोल काढले. धुतल्यावर प्रत्येक चौकटीत त्याच कोपऱ्यात तोच डाग. यात्रा वर्षातून एकदाच असते, ते घोडे काही परत आले नाहीत.

तपासणी पाच मिनिटांची आहे. रात्री खोलीतले सगळे दिवे मालवा. कॅमेरा उघडून भाता पूर्ण ताणा, मागचं झाकण उघडा आणि मोबाइलचा टॉर्च आतून भात्याच्या पोटात धरा. बाहेरून एकेक घडी बघा. भोकं मधल्या सपाट भागात क्वचित असतात, घड्यांच्या कोपऱ्यांवर असतात, कारण उघड-मिट करताना कातडं तिथेच मोडतं. चांदण्यासारखा ठिपका दिसला की खडूनं खूण करा. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, म्हणून दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा बघा.

दोन-चार ठिपके असतील तर कापडावर वापरायचा काळा रंग किंवा वाळल्यावर रबरासारखा राहणारा काळा विद्युतरोधक द्रव काडीच्या टोकानं पातळ लावा. भाता ताणलेला ठेवून दोन दिवस सुकू द्या, मगच मिटा. एम-सील लावू नका, ते दगडासारखं होतं आणि पहिल्याच घडीला शेजारी नवं भोक पाडतं. चिकटपट्टीही नको, तिच्या जाडीमुळे कॅमेरा मिटत नाही आणि मिटवायला जोर केला की पट्ट्या वाकतात. चाळणीसारखी भोकं असतील तर नवा भाता बसवावा लागतो. तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत धरून मगच सौदा करा.

आपल्याकडचा कोरडा उन्हाळा चामड्याला वाईट. कातडं सुकतं, कडक होतं, तडकतं. गोदरेजच्या कपाटात, भिंतीला लागून नसलेल्या कप्प्यात ठेवा. पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर तर मुळीच नको.

## शटर ऐका

शटरवर १/२५, १/७५, १/२०० असे आकडे असतील, किंवा १ सेकंदापासून १/३०० नाहीतर १/५०० पर्यंत. प्रत्येक वेगावर दहा-दहा वेळा चालवा. वेगवान आकडे बहुतेक ठीक निघतात. अडतात ते सावकाश वेग, १/१० पासून १ सेकंदापर्यंत. 'किर्रर्र' असा आवाज सलग यायला हवा. मध्येच थांबला, रेंगाळला तर आत जुनं तेल घट्ट झालंय.

इथे कळकळीची विनंती: शिलाई मशीनचं तेल टाकू नका. एक दिवस शटर झकास चालतं, मग ते तेल पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. शटर तेलानं नाही, स्वच्छतेनं चालतं. समोरचं भिंग काढून लायटरच्या पेट्रोलनं साफ करणारा कुणी जुना घड्याळवाला किंवा कॅमेरा दुरुस्त करणारा शोधा. हात स्थिर असतील तर स्वतःही शिकता येईल, पण सुरुवात आजोबांच्या कॅमेऱ्यावर नको.

शटरजवळ व्ही, एक्स, एम अशी अक्षरं असतील तर व्ही ला हात लावू नका. तो स्वतःचा फोटो काढायचा टायमर. जुन्या कॅमेऱ्यात तो अर्ध्यात अडकला की अख्खं शटर जाम होतं. १/५०० असलेल्या शटरमध्ये वेग आधी लावायचा आणि मग शटर चढवायचं. चढवल्यावर १/५०० कडे चक्र ओढलंत तर आतली स्प्रिंग दुखावते.

## लेन्स आणि अनंत

लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. आपल्याकडे कोकणाइतकी बुरशी नसते, पण पावसाळ्यात चामडी पाकिटात बंद राहिलेल्या लेन्सला ती धरतेच. म्हणून पाकीट वेगळं, कॅमेरा वेगळा, आणि जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. काचेवरचे दोन-चार ओरखडे मनाला लावून घेऊ नका, फोटोत ते दिसत नाहीत. धुरकट थर मात्र दिसतो.

फोकसची कडी हलकी फिरते का बघा. आग्फाच्या इझोलेट मालिकेत आतलं हिरवट ग्रीस वर्षांनुवर्षांत डिंकासारखं घट्ट होतं. पान्यानं जोर लावलात तर पुढचं भिंग आणि त्यामागचं भिंग दोन्ही एकत्र फिरतात आणि फोकसचे आकडे खोटे होतात.

आकडे खरे आहेत का हे घरी तपासता येतं. मागचं झाकण उघडा. फिल्म ज्या दोन पट्ट्यांवर टेकते त्यांच्यावर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. शटर बी वर (बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं राहतं) उघडं धरा, लेन्स पूर्ण उघडी, फोकस अनंतावर, म्हणजे कडीवरच्या सर्वांत दूरच्या खुणेवर. मग दूरचं काहीतरी बघा. चोपडा-यावलकडे असाल तर सातपुड्याची धार, नाहीतर संध्याकाळी दूरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा. भिंगानं पाहिल्यावर कागदावर दिवा टाचणीच्या टोकाएवढा दिसला तर फोकस बरोबर आहे. वाटोळा पसरलेला दिसला तर कडी पुन्हा बसवून घ्यावी लागेल.

## कोणता घ्यावा

यावर तासन्‌तास बोलता येईल, पण नवख्यासाठी थोडकंच. झाइस आयकॉनचा नेटार ६ बाय ६ साधा, मजबूत, भाता सहसा टिकलेला. फॉइग्टलेंडरचा पर्केओ त्याहून लहान आणि देखणा. इझोलेट भरपूर मिळतात, लेन्स चांगल्या, पण भाता आणि ग्रीस तपासूनच घ्या. सुपर इकॉन्टा १९३४ पासूनचा, अंतर मोजायची सोय असलेला. रशियन मॉस्क्वा-५ त्याच घराण्याच्या नकलेतला, ६ बाय ९ देणारा, वजनदार. नावापेक्षा अवस्था बघा. खणखणीत भात्याचा नेटार हा भोकं पडलेल्या सुपर इकॉन्टापेक्षा कधीही सरस.

## रोल भरताना

कडक उन्हात भरू नका. कडुनिंबाची सावली सापडली नाही तर स्वतःच्या अंगाच्या सावलीत भरा. रिकामी स्पूल फिरकीच्या बाजूला, नवा रोल दुसऱ्या बाजूला. कागदाचं टोक रिकाम्या स्पूलच्या खाचेत सरळ घाला, एक-दोन वेढे द्या, रोल अंगठ्यानं दाबून ताठ ठेवा. सैल गुंडाळला गेला की कडेनं उजेड शिरतो. झाकण लावून लाल खिडकीत बघत हळू फिरवा. आधी खुणा येतात, मग १. आकडा मधोमध आला की थांबा आणि खिडकी झाका. हल्लीच्या फिल्मला लाल उजेडही कळतो, त्यामुळे वैशाखाच्या उन्हात उघडी राहिलेली खिडकी फोटोवर लाल नाही, पण पांढरा ठसा उमटवते.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. आधी कॅमेरा उघडा, मग रोल फिरवा. भाता झटक्यानं उघडला की आत पोकळी होते आणि फिल्म पुढे ओढली जाते, फोटो मध्येच धूसर होतो. म्हणून दार हातानं धरून सावकाश उघडायचं आणि त्यानंतर फिल्म फिरवून ताठ करायची. धुळीत हे दुप्पट महत्त्वाचं. झटका दिला की भाता बाहेरची धूळ आत ओढतो आणि ती फिल्मवर बसते.

## उजेड: आपल्या उन्हाचा हिशोब

एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान. लखलखीत उन्हात एफ १६ आणि फिल्मच्या डबीवरच्या आयएसओ आकड्याएवढा शटरचा वेग, हा जुना नियम खानदेशात वर्षातले सात-आठ महिने हुकत नाही. १०० ची फिल्म असेल तर एफ १६ ला १/१००, म्हणजेच एफ ११ ला १/२००. माझ्या नेटारची लेन्स नोवार, ७५ मिमी, एफ ६.३ आणि शटर १/२०० पर्यंतचं. त्याला हे गणित चपखल बसतं. ४०० ची फिल्म घातली तर थेट एफ २२ आणि १/२०० वर जावं लागतं, पुढे जागाच उरत नाही. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात १०० किंवा १२५ चीच फिल्म घ्या. ४०० ठेवा पावसाळ्यासाठी आणि घरातल्या फोटोंसाठी.

उघड्या सावलीत, ओट्यावर वगैरे, एफ ६.३ आणि १/२५. केळीच्या बागेत त्याहूनही एक-दोन पायऱ्या अंधार असतो (एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). वरून उन्हाचे कवडसे पडतात म्हणून डोळा फसतो, पण बुंध्याजवळ बसलेल्या माणसाचा चेहरा खरोखर काळोखात असतो. तिथे खांबाला टेकून, श्वास रोखून फोटो घ्या, किंवा स्टँड लावा.

मोबाइलवरचं लाइट मीटर वापरत असाल तर कापसाच्या बाबतीत सावध राहा. जिनिंगच्या आवारातला पांढरा ढीग मीटरला राखाडी वाटतो आणि तो उजेड कमी द्यायला सांगतो. फोटोत कापूस मळका दिसतो. मीटर सांगेल त्याहून दीड-दोन पायऱ्या जास्त उजेड द्या, किंवा मीटर स्वतःच्या तळहातावर धरून एक पायरी वाढवा. दुपारी बाराच्या उन्हात टोपी किंवा पदराखालच्या चेहऱ्यासाठीही तेवढीच वाढ द्यावी लागते. कृष्णधवल फिल्मला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही.

उजेडाचा विषय निघालाच आहे तर चाळीसगावला एक चक्कर माराच. कलामहर्षी केकी मूस (१९१२ ते १९८९) यांनी स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात, घराबाहेर फारसं न पडता, टेबलावर साध्या वस्तू मांडून अख्खे देखावे फोटोत उभे केले. ते फोटो तिथे समोर बघता येतात. एक कंदील कुठे ठेवला की भिंत दूर जाते आणि कुठे ठेवला की जवळ येते, हे मी तिथल्या फोटोंसमोर उभा राहून जितकं शिकलो तितकं दुसरीकडे नाही. बारा फोटोंच्या रोलला हीच नजर हवी.

## अंतर: बाजेनं मोजा

अंतर ओळखणं आठवडाभरात जमतं. अंगणातली बाज साधारण ६ फूट. समोरचा माणूस एका बाजेवर आहे की दोन, असं मनात मोजायचं, मग पावलं टाकून ताडायचं. लेन्सवर आकडे फुटांत आहेत की मीटरमध्ये हे मात्र आधी बघून घ्या. कॅमेरा घरी असतानाही हे करत राहा. एसटीची वाट बघताना खांबापर्यंतचं अंतर सांगा आणि चालून बघा.

७५ मिमीच्या लेन्सवर हे आकडे पाठ असू द्या. एफ ११ आणि फोकस १० मीटर: साधारण ५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. बाजार, यात्रा, शिवार, कानबाईची मिरवणूक, सगळ्याला हेच लावून ठेवा. एफ ११ आणि १२ फूट: सुमारे ९ ते १८ फुटांतलं सगळं. पण एफ ८ वर ६ फुटांवरच्या माणसाचा फोटो घेतलात तर जेमतेम दीड फुटाची जागा स्पष्ट येते. तिथे अंदाज नको, शिलाईची टेप लावून मोजा. मी अजूनही मोजतो, लोक हसून उभे राहतात आणि फोटो चांगला येतो.

शटर दाबल्यावर लगेच पुढचा आकडा आणायचा की पुढच्या फोटोआधी, यावर दोन मतं आहेत. मी फोटोआधी फिरवतो, कारण तेव्हा फिल्म ताजी ताठ होते. मात्र एकच पद्धत धरा आणि खिशात लहान वही ठेवा. फोटो झाला की आकडा, एफ आणि वेग लिहा. लिहिलेला आकडा आणि खिडकीतला आकडा सारखे असले तर फिल्म अजून फिरवायची आहे, एवढं त्या वहीवरून कळतं.

## उष्णता, आणि रोल धुणं

रोल फ्रीजमध्ये ठेवा, वापरायच्या तीन-चार तास आधी बाहेर काढा आणि गुंडाळी न फोडता खोलीच्या उष्णतेला येऊ द्या, नाहीतर फिल्मवर दव धरतं. गाडीच्या डिकीत भरलेला कॅमेरा ठेवू नका. भुसावळ-जळगावला मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, बंद डिकीत त्याहून कितीतरी जास्त. तापलेल्या, दमट रोलमध्ये मागच्या कागदावरचे आकडे फिल्मवर उमटतात आणि आभाळात मधोमध '५' दिसतो. काढलेला रोल संपला की महिनोन्‌महिने ठेवू नका.

मुंबई-पुण्याच्या लॅबला कुरिअरनं पाठवता येतो, पण कृष्णधवल रोल घरी धुणं अवघड नाही. आपल्याकडे अडचणी दोन: घाम आणि पाणी.

अंधारी पिशवी वापरून दुपारी फिल्म ती धुवायच्या टाकीतल्या चक्रावर चढवायला गेलात तर पिशवीतच हाताला घाम सुटतो, फिल्म ओली होते आणि चक्रात अडकते. हे काम पहाटे किंवा रात्री, दिवे मालवलेल्या न्हाणीघरात, हात कोरडे पुसून करा. १२० ची फिल्म एका टोकाला कागदाला चिकटवलेली असते, ती पट्टी फर्रकन ओढू नका, घर्षणाची ठिणगीसुद्धा फिल्मला दिसते.

डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाची, वेळ २० अंशांसाठी दिलेली असते. इलफर्डच्या डब्याच्या आतल्या बाजूला ती छापलेली सापडेल. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे मध्ये हात भाजेल इतकं तापतं. माठातलं पाणी घ्या. आपल्या कोरड्या हवेत माठ खरोखर थंड करतो. थर्मामीटर लावा, परातीत बर्फाचे तुकडे घालून डेव्हलपरचं भांडं तिच्यात ठेवा आणि २२ ते २४ अंशांवर आणा. २० च्या वर प्रत्येक अंशाला वेळ सुमारे दहावा हिस्सा कमी करा. ८ मिनिटांची वेळ २४ अंशांना साडेपाचच्या आसपास येते. वेळ ५ मिनिटांखाली गेली तर निगेटिव्हवर पट्टे पडतात, त्यापेक्षा डेव्हलपर पातळ करून वेळ वाढवा. आणि डेव्हलपर २३ अंशांवर, धुवायचं पाणी ३५ वर असं करू नका, फिल्मवरचा थर सुरकुततो. सगळी पाणी एकाच परातीत शेजारी शेजारी ठेवली की हा प्रश्न मिटतो.

बोअरच्या पाण्यानं धुतलं तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे थेंब राहतात. शेवटचं धुणं बॅटरीच्या पाण्यानं करा, गाड्यांच्या दुकानात मिळतं. न्हाणीघरात आधी गरम पाणी सोडून वाफ करा म्हणजे धूळ खाली बसते. मग फिल्म दोरीला लावा, खाली चिमटा अडकवा, पंखा बंद आणि दार बंद. वाळली की ६ बाय ६ च्या तीन-तीन चौकटींच्या पट्ट्या करा, कडेनं धरा, कागदी पाकिटात ठेवा.

जिभाऊंचा रोल मी असाच धुतला, थंड डेव्हलपरमध्ये. मागच्या कागदावर 'इंदू' होतं, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं. सहापैकी चार चौकटींवर नुसतं धुकं आलं. पाचवीत अर्धवट एक भिंत. सहावीत पोळ्याची बैलजोडी, शिंगांना बेगड, झूल, आणि कासरा धरून उभा असलेला माणूस. चेहरा नाकापर्यंतच उतरला होता. जिभाऊंनी पट्टी खिडकीकडे धरली, खूप वेळ बघितली, आणि मग नातवाला जवळ बोलावून त्या बैलांची नावं सांगितली.